अख्ख्या पाड्याचं आमंत्रण

ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही, पैज लावायला तयार आहे. मी स्वतः तिथे हजर होतो आणि मलाच अजून ती नीट खरी वाटत नाही. तीस वर्षं एसटी चालवली, नाशिक ते पेठ, पेठ ते नाशिक. सावळघाटात एकदा बिबट्यानं हात करून गाडी थांबवली होती आणि मी त्याला हाफ तिकिटात करंजाळीपर्यंत सोडलं होतं. तेसुद्धा लोकांनी मान डोलावून ऐकून घेतलं. पण आमच्या तृप्तीनं या सुट्टीत जे केलं ते सांगायला लागलो की लोक म्हणतात, जयरामआजोबा, आता पुरे.

शनिवारी संध्याकाळी असंच झालं. पेठ रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीजवळ एक बाक आहे, तिथे आम्ही बसलो होतो. शेजारी तळमजल्यावरच्या ललिताबाई. त्या शाळेत शिकवतात, आणि सवय लागल्यामुळे सुट्टीतही शिकवतात. त्यांचा सनी, यंदा आठवीत, फोनमध्ये नाक खुपसून. माझा मुलगा दत्तू, कचेरीत क्लार्क, कचेरीचाच चेहरा लावून. आणि दत्तूची लेक तृप्ती, यंदा सातवीत, मांडीवर शेंगांची परात घेऊन सोलत बसलेली. सोमवारी शाळा सुरू व्हायची होती, त्यामुळे सगळीच पोरं जरा सुतकात होती.

"पैशाची किंमतच नाही हो यांना," ललिताबाई म्हणाल्या. "यानं हेडफोन हरवले. मी विचारलं, आता? तर म्हणतो, ऑनलाइन मागव. ऑनलाइन म्हणजे जसा काही याचा मामाच!"

"आई, प्लीज," सनी फोनमधूनच म्हणाला.

"आजोबा, तुम्ही सांगा याला काहीतरी. पण बोध असलेलं सांगा. बिबट्या नको."

"बिबट्या नाही, तृप्तीची गोष्ट सांगतो," मी म्हणालो.

"सरळ सांगा हं आजोबा," तृप्ती मान वर न करता म्हणाली.

"वाकडं कधी सांगितलंय मी?"

दत्तूनं आभाळाकडे पाहिलं. मी सुरू केलं.

सुरुवात झाली सायकलपासून. तृप्तीला गिअरची सायकल हवी होती. साधी नको, गिअरचीच. दत्तू म्हणाला, "निम्मे तू मिळव, निम्मे मी घालतो. पण मिळवायचे म्हणजे काम करून. आजोबांच्या खिशातून नाही." हे शेवटचं वाक्य तो माझ्या खिशाकडे बघत बोलला. बापावर एवढा अविश्वास!

आता बारा वर्षांच्या पोरीनं काम शोधायचं कुठे? पण पोरगी हुशार. आमचं मूळ ठिकाण घाटापलीकडचा एक पाडा, वीसेक घरं असतील. तिथे माझा धाकटा भाऊ देवराम आणि त्याची बायको सावित्रीबाई राहतात. भाताचं शेत आहे आणि बांधावर आमच्या वडिलांनी लावलेली रायवळ आंब्याची झाडं. लोणच्याला त्या कैरीचा हात धरणारी कैरी नाही. तृप्तीनं सोसायटीत घरोघर जाऊन विचारलं, गावच्या कैऱ्या आणल्या तर घ्याल का? बायका हो म्हणाल्या. देवरामला फोन लावला. तो म्हणाला, "कैऱ्या तुझ्या पोरी. पण उतरवायच्या तूच." झालं, मे महिन्यात मी आणि तृप्ती पेठच्या गाडीत.

या झाडांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही झाडं उंच आहेत. किती उंच? शेंड्यावरची कैरी सुटली तर खाली पोचेपर्यंत पिकते. म्हणून लोणच्याला खालच्या फांद्यांवरचीच घ्यावी लागते, आणि रस करायचा असेल तर शेंड्यावर दगड मारून जेवायला जायचं. परत येईपर्यंत आंबा खाली.

"आजोबा," ललिताबाई म्हणाल्या, "निम्मी गोष्ट तरी खरी सांगा."

"निम्मी? बाई, तुम्ही फारच मागता."

बांबूच्या टोकाला जाळी बांधून झेला करतात, त्यानं कैरी अलगद उतरवायची. पडली की फुटते, फुटली की लोणच्याला बाद. तृप्ती सकाळी झेला घेऊन उभी राहिली. दुपारपर्यंत एक पाटी भरली. मान आखडली, कैरीच्या चिकानं मनगटावर लाल चट्टे उठले, आणि झाडाकडे पाहिलं तर झाडाला पत्ताही नव्हता की आपल्याकडून कोणी काही नेलं. मी बाजेवर पडून तिला धीर देत होतो. बाजेवर पडून धीर देणं हेही काम आहे, पण ते कोणी मोजत नाही.

नेमके त्याच वेळी देवराम आणि सावित्रीबाई देवळाली कॅम्पाला लेकीकडे बारशाला गेले. देवराम घरात नसला की पाडा शांत होतो, कारण त्याचं दुपारचं घोरणं असं आहे की देवळालीहून तोफखान्यातला साहेब फोन करून विचारतो, आज आमचा सराव नाही, मग आवाज कुठला? असो. तर घरात आम्ही दोघंच. आणि समोरच्या घरात सुलाबाई, पाड्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई. वय विचारलं की म्हणते, "मोजायला बसले व्हते, मधेच भात उतू गेला."

दुसऱ्या दिवशी सुलाबाईच्या घरावर माणसंच माणसं. पावसाळ्याआधी कौलं परतायची होती. कोणी वर चढलेलं, कोणी खालून कौलं देतंय, कोणी फुटकी वेगळी काढतंय. दुपारी सगळ्यांना भात-आमटी, आणि ऊन उतरायच्या आत घर नव्यासारखं. तृप्ती डोळे फाडून बघत होती.

"सुलाआजी, यांना पैसे किती द्यायचे?"

"पैसं कशाला गं? सावड हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे हाक मारायची. मानसं येत्यात. जेवान घालायचं. काम व्हतं."

सुलाबाई एवढं बोलली आणि आमटी ढवळायला गेली. पुढचं तिनं सांगितलं नाही, कारण पुढचं त्या डोंगरात कोणाला सांगावं लागत नाही. पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तृप्ती मात्र नाशकाच्या दवाखान्यात जन्मलेली. तिच्या डोळ्यांत मला सायकलचे दोन्ही गिअर फिरताना दिसले.

तिनं मला विचारलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. पण माझ्या घरात मला कोणी काही विचारत नाही. म्हणतात, तुम्ही वाढवून सांगता.

संध्याकाळी पोरगी घरोघर गेली आणि हाक मारून आली. सकाळी उठून पाहतो तर अंगणात अख्खा पाडा! एकेका घरचं एकेक माणूस. कोंडाजी आला, ज्याचं शेत इतकं उभ्या चढावर आहे की पेरलेली नागली गडगडत जाते आणि हरसूलला उगवते. कापणीला त्याला तिकडे जावं लागतं. बारकू आला, नाव बारकू, पण दारातून आत यायला त्याला आडवं व्हावं लागतं. सुलाबाई आली, सुनेला घेऊन. तरण्या पोरी आल्या, म्हातारे आले. झाडावर माणसं चढली तेव्हा मला वाटलं झाडच चालत निघतंय. फांदीवरून झेल्यात, झेल्यातून पाटीत, पाटीतून पेंढ्यात. एकही कैरी फुटली नाही. बारकू फांदीवर बसला तेव्हा फांदीनंच खाली वाकून कैऱ्या पाटीत ठेवल्या. दुपारी तृप्तीनं सुलाबाईच्या सुनेच्या मदतीनं भात आणि वरण केलं आणि स्वतः सगळ्यांना वाढलं. ऊन कललं आणि काम संपलं.

आणि इथे, मंडळी, तो घोटाळा झाला. माणसं निघायला लागली. जाताना कोंडाजी म्हणाला, "मंग सोमवारी आमच्याकडं, पोरी."

"जेवण आहे का?" तृप्तीनं विचारलं.

"हाये की. जेवान नायतर कसं?"

"येते ना! नक्की येते!"

बारकू म्हणाला, "मंगळवारी आमच्याकडं."

"येते!"

मग रांगच लागली. बुधवारी आमच्याकडं, त्याच्या फुडं आमच्याकडं, आमचं घर नको इसरू, आमच्या सासूबाईनं खास सांगितलंय. पोरगी सगळ्यांना हो म्हणत सुटली. रात्री मला म्हणाली, "आजोबा, किती प्रेमळ आहेत हो ही माणसं! मी त्यांना काम करायला लावलं आणि उलट तेच मला जेवायला बोलावतायत. घरोघर!"

मी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. हसू दिसलं असतं.

कैऱ्या जीपमध्ये घालून आम्ही नाशकाला आलो. ललिताबाई, तुम्ही पण घेतल्यात.

"घेतल्या. आणि कैऱ्या खरंच चांगल्या होत्या," ललिताबाई म्हणाल्या. "एवढं मात्र खरं."

दोन दिवसांत सगळा माल संपला. सायकलचे निम्मे पैसे तृप्तीच्या डब्यात. दत्तूनं शब्द पाळला, म्हणाला, चल, आत्ता दुकानात जाऊ. पोरगी काय म्हणाली असेल? "नको बाबा, सायकल नंतर. मला अख्ख्या पाड्याची जेवणाची आमंत्रणं आहेत, मी परत चाललेय." एवढी आमंत्रणं तर आमदाराला निवडणुकीतसुद्धा येत नाहीत.

सोमवारी सकाळी तिनं एका लग्नासाठी शिवलेला पिवळा ड्रेस घातला. केसांना क्लिप. पेढ्यांचा पुडा नाशकाहूनच आणला होता, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. मी सोबत गेलो, कारण असा तमाशा आयुष्यात एकदाच बघायला मिळतो. कोंडाजीच्या अंगणात पोचलो. कोंडाजीनं पेढा तोंडात टाकला, "ग्वाड हाय," म्हणाला, आणि तृप्तीच्या हातात शेणखताची पाटी ठेवली.

"हे काय काका?"

"खत. वर शेतात न्यायाचं."

"पण... जेवण?"

"दुपारी. आधी काम, मंग जेवान. तुझ्याकडं आमी आधी जेवलो व्हतो का?"

पोरगी त्या पाटीकडे बघतेय, पिवळ्या ड्रेसकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय. मी आकाशात घार शोधत होतो. पण एक सांगतो, रडली नाही. क्लिप काढून खिशात ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि त्या उभ्या चढाला लागली. पहिल्या खेपेला ती अर्ध्यावरून घसरत खाली आली, पाटी मात्र डोक्यावर तशीच. दुसऱ्या खेपेला कोंडाजीच्या शेळीची शेपटी धरून वर गेली. त्या शेळीला पुढे तीच सवय लागली, आता ती माणूस मागे लटकल्याशिवाय डोंगर चढत नाही.

त्या संध्याकाळी देवराम आणि सावित्रीबाई देवळालीहून परत आले. तृप्तीनं सगळं सांगितलं. देवराम ओट्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"किती घरं बोलावलीस?"

"सगळी."

"सगळी! अगं, आम्ही दोघं नवरा-बायको वर्षात पाच-सहा घरांची सावड करतो. पुरती दमछाक होते."

"पण लहान आजोबा, मला कोणी सांगितलंच नाही, की जेवढ्यांना बोलवायचं तेवढ्यांकडे जायचं असतं."

"ते काय सांगावं लागतं?" सावित्रीबाई म्हणाली. मग पोरीचे हात बघितले आणि तेल आणायला आत गेली.

देवरामनं मग तिला नीट समजावलं. सावड घराच्या नावावर असते. तृप्तीनं हाक मारली म्हणजे देवरामच्या घरानं हाक मारली. देवरामची दोन्ही पोरं सातपूरला कंपनीत, त्याचा स्वतःचा गुडघा कामातून गेलेला. जुलैमध्ये भाताची आवणी, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायची. ते काम माणसांशिवाय होत नाही आणि रोपं कोणासाठी थांबत नाहीत. पाड्याची सावड फेडली नाही तर आवणीला देवरामच्या हाकेला कोणी येणार नाही. कोणी भांडणार नाही, कोणी तोंडावर बोलणार नाही. नुसतं येणार नाही. आणि शेत पडीक राहील.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. सायकल राहिली बाजूला. तिच्या पिवळ्या ड्रेसच्या हौसेपायी देवरामचा वर्षाचा भात टांगणीला लागला होता. आता शाळा उघडायच्या आत सगळी घरं फेडायची, नाहीतर म्हाताऱ्याचं तोंड काळं.

"बिचारी," ललिताबाई म्हणाल्या. सनीनं फोन खिशात टाकला होता, हे मी बघितलं, पण दाखवलं नाही.

"मग काय केलं तिनं?" सनीनं विचारलं.

"मग नाशिकचं डोकं चालवलं," मी म्हणालो. तृप्तीनं एक शेंग माझ्या दिशेनं मारली.

पहिली युक्ती पैशाची. कैऱ्यांचे पैसे होते ना? कोंडाजीचा दिवस फिटला होता, म्हणून बारकूकडे गेली आणि म्हणाली, "काका, तुमच्या दिवसाची मजुरी सांगा, मी आत्ता देते."

बारकू त्याच्या ओट्यावर बसला होता. म्हणजे ओटा त्याच्या खाली होता, दिसत नव्हता. तो हसला. "मी तुझ्याकडं मजुरीला आलतो का?"

"नाही, पण..."

"पैसं घेतलं तं तू मालकीन आन मी मजूर. मंग फुडच्या येळेला हाक मारशील तं मी भाव सांगीन. चालंल?"

तिला ते चाललं नाही. पैसे परत डब्यात.

दुसरी युक्ती मात्र अशी काढली की मी थक्क झालो. दत्तू, तुझ्या कचेरीत असं डोकं कोणाला नाही. तिनं घरोघर चौकशी केली आणि तिला कळलं की नुसतं तीच कोणाचं देणं लागते असं नाही. पाड्यात सगळेच सगळ्यांचं लागतात. बारकूकडे कोंडाजीचा एक दिवस बाकी. कोंडाजीकडे सुलाबाईचा. सुलाबाईकडे बारकूचा. पोरगी म्हणाली, मग मी कशाला राबू? यांचं यांच्यातच फिरवून टाकते. आणि तिनं एकेकाला गाठून सांगितलं, तुम्ही उद्या माझ्याऐवजी त्यांच्याकडे जा, ते तुमच्याऐवजी यांच्याकडे जातील, यांचं मी बघते. बोलायची पद्धत अशी की सगळ्यांना वाटलं आपला फायदाच झाला. मलासुद्धा वाटलं, आणि मी तर त्यात नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी अख्खा पाडा कामाला. एकही माणूस स्वतःच्या घरी नाही, आणि कोण कोणासाठी राबतंय हे कोणालाच माहीत नाही. कोंडाजी दिवसभर एका चढावर खताच्या पाट्या वाहत होता. दुपारी तो बांधावर जेवणाची वाट बघत बसला. जेवण येईना. चिडला, म्हणाला, काय चिकट मालक आहे या शेताचा! संध्याकाळी तक्रार करायला त्या मालकाच्या घराकडे निघाला, दार वाजवलं, तर आतून त्याचीच बायको बाहेर आली.

शेत त्याचंच होतं.

सनी असा हसला की बाकावरून खाली आला. ललिताबाई पदरानं डोळे पुसत होत्या. दत्तूचाही कचेरीचा चेहरा जरा सुटला.

"हे शक्य नाही हो, आजोबा!" ललिताबाई म्हणाल्या. "माणसाला स्वतःचं शेत कळत नाही?"

"बाई, खताची पाटी डोळ्यांवर आली की जगातलं कुठलंच शेत ओळखू येत नाही. वाहून बघा."

तर त्या संध्याकाळी कोंडाजी, बारकू आणि आणखी पाच-सहा जण देवरामच्या अंगणात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमचा दिवस कुठे गेला? देवराम घरात लपला. तेवढ्यात सुलाबाई आली. ती कोणावर ओरडली नाही. तृप्तीला जवळ बसवलं आणि म्हणाली, "पोरी, त्या दिवशी तुझ्या झाडाखाली मी का आलते? कैरी बघायला? मला काय कैरी म्हाईत नाय? तू हाक मारलीस म्हनून आलते. आता माझ्याकडं बारकू आला, तं मी काय करू त्याचं? मला तू पायजे."

"पण आजी, काम तर झालंच असतं ना?"

"काम काय, बैल बी करतो."

तृप्ती सकाळी उठली, देवरामचा जुना सदरा अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि बारकूच्या घरी गेली. त्याच्या गोठ्याचं शेण काढलं. दुसऱ्या दिवशी आणखी एका घरी, नागली निवडायला. मग कोणाचा बांध, कोणाचं कुंपण, कोणाच्या घरी पाणी भरायचं. सुरुवातीला लोक तिला हलकं काम द्यायचे. मग द्यायचं सोडून दिलं, कारण पोरगी कामाला वाघ निघाली. तळहाताला घट्टे असे पडले की चुलीवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायला लागली. दगड उचलून इतकी तयार झाली की एकदा एसटी चिखलात रुतली तर ड्रायव्हरनं तिलाच हाक मारली, आणि तिनं गाडीही काढली आणि वर तिकिटाचे पैसेही दिले.

"काढली नाही," तृप्ती पुटपुटली. "मागून ढकलली. सगळ्यांनी."

"बघा, कबूल केलं!" मी म्हणालो.

तिला कामं यायला लागली, आणि एक गंमत झाली. संध्याकाळी देवरामच्या ओट्यावर माणसं येऊन बसायला लागली. आधी देवरामकडे यायची, आता तृप्तीकडे. हिचं काय चाललंय, उद्या कोणाकडे, कोंडाजीच्या शेळीला आज कोणी लटकलं का. देवरामच्या गुडघ्याला बारकूची आई पाला बांधून गेली. सावित्रीबाई मला म्हणाली, "भाऊजी, यंदा आवणीला बोलवायला मला घरोघर फिरायची गरज पडणार नाही बहुतेक."

बहुतेक. कारण अजून एक घर राहिलं होतं. सुलाबाईचं. ते तृप्तीनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आणि शुक्रवारी दत्तू तिला न्यायला आला, वह्या-पुस्तकं घ्यायची, गणवेश घ्यायचा, सोमवारी शाळा. पोरगी जायला तयार होईना, पण दत्तूला रजा नव्हती आणि गाडी फाट्यावर उभी होती.

इथे मी जरा थांबलो. उद्या रविवार. दत्तूनं सायकलच्या दुकानात सांगून ठेवलं होतं, सकाळी दहाला येतो म्हणून. लाल रंगाची, गिअरची, टोपली लावून. आणि एवढी राबलेली पोर शुक्रवारपासून तोंड पाडून शेंगा सोलत बसली होती. मला काही ते बघवेना. शिवाय चांगल्या गोष्टीला चांगला शेवट लागतो.

"मग सुलाबाईचं काय झालं?" सनीनं विचारलं.

"सांगतो ना. गाडीकडे निघालो, तर सुलाबाई काठी टेकत फाट्यापर्यंत आली. तिनं तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, पोरी, तू एवढी राबलीस, माझा दिवस मी तुला माफ केला. जा, सायकल घे, मजा कर. आणि काखेतली गावठी कोंबडी काढून तिच्या हातात दिली, वाटेत अंडी घालेल म्हणून. आणि मंडळी, खरंच सांगतो, नाशिक येईपर्यंत त्या कोंबडीनं डझनभर अंडी घातली, ललिताबाई, तुम्ही काल ऑम्लेट खाल्लंत ना, ते त्यातलंच. तर अशी सगळ्या पाड्याची सावड फिटली, देवरामचं नाव राहिलं, आणि उद्या सकाळी दहाला आमची तृप्ती—"

"खोटं!"

परात खाली वाजली. तृप्ती उभी राहिली होती, ओच्यातली टरफलं सगळीकडे.

"साफ खोटं! सुलाआजी फाट्यावर आलीच नव्हती. ती कोणाला माफबिफ करत नाही. आणि कोंबडी कुठली? बाबा, तिचं सरपण अजून अंगणात पडलंय, पाऊस आला तर सगळं भिजेल, ते आत रचायचं काम तिनं माझ्यासाठी ठेवलंय. दुकानवाल्या काकांना सांगा, सायकल पुढच्या रविवारी. मी उद्या पहिल्या पेठ गाडीनं जातेय, संध्याकाळी परत. आणि आजोबा, तुम्ही पण चलायचं. कैऱ्या उतरवायला सुलाआजीच्या घरून त्या दिवशी दोघी आल्या होत्या. एक माझ्यासाठी. आणि तिची सून, तुम्ही दिवसभर बाजेवर पडून होतात ना, ती तुमच्या वाटणीची होती!"